दाजींचा उकंडा

माझे दाजी उकंडराव गेल्या चैत्रात नऊ दिवस मरून राहिले व्हते. मेले न्हाईत, नुसते मरून राहिले. आन त्याला कारण मी, वैजनाथ, त्यांचा सख्खा मेव्हणा. हे मी आधीच सांगून टाकतो, म्हंजे मागून कोणी उकरून काढायला नको. शिरड शहापुरात माझं मंडप डेकोरेशनचं दुकान हाय. तिथं गिऱ्हाईक म्हून येतात आन खुर्च्यांचा भाव इचारायच्या आधी इचारतात, "का हो, दाजीला मारायला निघालेले ते तुमीच का?" इचारा बाबा. इचारायला काय जातंय तुमच्या बापाचं.

दाजींच्या आधी त्यांच्या मायला, रुक्माबाईला, तीन लेकरं झाली आन तिन्ही पाचवी पुजायच्या आतच गेली. चौथ्या येळंला दाजी जन्मले, तसं सुईणीनं त्यांना धुतलं-पुसलं आन सरळ नेऊन उकंड्यावर लोळवलं. उकंडा म्हंजे तुमचा उकिरडा. मग शेजारच्या म्हातारीनं "अगंबाई, हे कोणाचं पडलंय" म्हणत उचललं आन रुक्माबाईनं पायलीभर जवारी देऊन तिच्याकडून इकत घेतलं. हेतू येवढाच, की वर बसलेल्याला वाटावं, हे काय कोणाचं लाडाचं लेकरू न्हाई, टाकून दिलेलं हाय, राहू द्या. नाव ठेवलं उकंडा. आमच्याकडं गावागणिक एखादा उकंडा निघतोच, त्याचं नवल न्हाई. नवल हे, की बाकीचे उकंडे मोठे झाल्यावर आपापल्या कामाला लागले, आन आमच्या दाजींनी ही गोष्ट मनाला लावून घेतली.

त्यात रुक्माबाई जाताना सांगून गेली, "बाळा, उकंड्यानं तुला राखलं. जोवर त्यो जागेवर, तोवर तू. त्याला हलू देऊ नको." मरता माणूस काय बी बोलतं. पर दाजी तवा बावीस वर्षांचे व्हते आन त्यांनी ते धरून ठेवलं.

कुरुंद्याच्या शिवारात, वावरातच त्यांचं घर हाय. घरामागं दोन जुनी करंजाची झाडं आन त्यांच्या सावलीत तो उकंडा. शेण, करंजाचा पाचोळा, हळदीची वाळली पानं, सगळं तिथं. वरचं वरचं खत दरसाल वावरात जायचं, पर बूड म्हून हलायचं न्हाई. दाजी रोज सकाळी तिथं जाणार, काठावर बसणार, दोन्ही पाय घोट्यापर्यंत पाचोळ्यात खुपसणार आन बशीतून चहा पिणार. दिवाळीला समदेच उकंड्यावर दिवा लावतात, दाजी दर अवसेला लावणार. लेकींच्या लग्नाची पयली पत्रिका लोकं देवापुढं ठेवतात, यांनी उकंड्यापुढं ठेवली. नवरदेवाकडच्यांना ती तिथं दिसली. आमी सांगितलं, वाऱ्यानं उडाली.

आन अशा माणसाच्या पदरात आमची आक्का पडली. आक्का म्हंजे माझी थोरली बहीण, शालूबाई. तिच्यासारखी स्वच्छ बाई वसमत तालुक्यात दुसरी न्हाई. तिच्या अंगणात कोंबडी बी दबकून चालती. लग्न होऊन ती आली त्या संध्याकाळी दाजी पाय माखून घरात शिरायला लागले, तशी नवी नवरी उंबऱ्यात आडवी झाली. "आवं, पाय धुवा आन मग आत या." त्या गोष्टीला अडतीस वर्षं झाली. अडतीस वर्षं रोज संध्याकाळी दाराशी पाण्याची बादली आन हे वाक्य. उकंड्याला ती 'सवत' म्हणायची. मी गेलो की म्हणायची, "बघ, तुझे दाजी सवतीकडून आले." दाजी हसायचे आन टाचा घासायचे. पर त्यांच्या टाचांना अशा भेगा, की आठ आण्याचं नाणं उभं राहील. कितीबी घासा, आतलं काळं आतच.

असं बराबर चाललं व्हतं. मग हळदीला सड लागली.

तीन-चार सालापासून समद्या शिवारात सड. वरून पानं पिवळी पडायची आन उपटून बघावं तर खाली गड्डा मऊ, नासका, वास मारणारा. लोकांनी औषधं मारली, नवस केले, बेणं बदललं. काय उपयोग न्हाई. आन दाजींचं उकंड्याच्या उताराखालचं अर्धा एकर हिरवंगार. दाजींनी कसलं औषध मारलं न्हाई, कारण दाजींना औषधाचा कंटाळा. लोकांना वाटलं, करणी हाय. सरपंच किशनराव तर एकदा भर चौकात म्हणले, "उकंडराव, काय असंल ते गावाला सांगा, एकट्यानं खाऊ नका."

दाजी म्हणले, "आवं, माझा उकंडा हाय."

"ते आमाला म्हाईत हाय. हळदीला काय घालता ते सांगा."

हा संवाद वर्षभर चालला. शेवटी पुजा आली. पुजा म्हंजे पलीकडच्या तांड्यावरल्या प्रेमसिंगची पोरगी. प्रेमसिंग आन दाजी जुने दोस्त. पोरगी शिकून शिकून एका संशोधन केंद्रात लागली, मातीतले जिवाणू बघते. बापाकडून तिनं हळदीची गोष्ट ऐकली आन एक दिवस पिशव्या, चमचे, हातमोजे घेऊन हजर झाली. "काका, मला तुमच्या पाचोळ्याचा नमुना पाहिजे. चार-पाच चमचे फक्त."

दाजी म्हणले, "घे की. पर त्याला इचारावं लागंल."

मग दाजींनी कौल लावला. म्हणले, करंजाचं पान आपसूक खाली पडलं म्हंजे तो व्हय म्हणला. त्या दिवशी वारा म्हून न्हाई. ती येवढी शिकलेली पोरगी हातमोजे घालून, चमचा हातात धरून दीड तास उकंड्यापुढं उभी. मी म्हणलं, "बाई, घेऊन टाका, त्याला काय कळतंय." तर माझ्याकडं दोघांनी बी असं बघितलं, की मीच येडा. शेवटी पान पडलं. ते शेळीनं फांदी ओढल्यामुळं पडलं, हे मी पाहिलं, पर बोललो न्हाई.

दोन महिन्यांनी ती फोटो घेऊन आली. काचेच्या बशीत पातळ जेलीसारखा थर, त्यावर एका अंगाला सडीची बुरशी, कापसागत पसरत आलेली. दुसऱ्या अंगाला उकंड्यातून काढलेल्या जिवाणूचा पांढरा ठिपका. आन बुरशी त्या ठिपक्यापासून बोटभर अंतरावर थबकलेली. भावकीत वाद असला म्हंजे जसं दोन भाऊ बांध सोडून बसतात, तसं.

"काका, हा जिवाणू सडीला जवळ येऊ देत नाही," पुजा म्हणली. "असा मी अजून कुठे पाहिला नाही. मी बांधावरची माती पाहिली, वावरातली पाहिली, कुठेच मिळाला नाही. पावसात तो वरून वावरात उतरत असावा आणि उन्हाळ्यात तिथे मरत असावा. त्याचं घर इथे, ह्या बुडात. त्याला लागतं काय, तर ओल, सावली, अंधार, आणि कोणी ढवळायचं नाही."

दाजींनी फोटो घेतला, डोळ्याजवळ धरला आन त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "माय म्हणली व्हती," येवढंच बोलले. त्या दिवसापासून गावात त्यांचा रुबाब इचारू नका. किशनराव सोताहून राम राम घालू लागले. ज्या नावावरून शाळेत पोरं चिडवायची, ते नाव दाजी आता अनोळखी माणसाला बी पुरं सांगू लागले, उकंडराव म्हणून, छाती काढून.

आता माझी पाळी.

चैत्रात दाजी आन आक्का डोंगरकड्याला पुतणीच्या साखरपुड्याला गेले दोन दिवस. जनावरं बघायला मी आलो. दाजींचा मोबाईल खुंटीलाच टांगलेला, कारण त्यांचं म्हणणं, मोबाईल बरोबर नेला की लोकं फोन करतात. रविवारी सकाळी तो वाजला. पुजा व्हती. आवाज रडवेला.

"मामा, आमच्या लॅबमध्ये कोणीतरी फ्रीजचं बटण बंद करून मोबाईल चार्जिंगला लावला. माझ्या सगळ्या बशा नासल्या. काकांचा जिवाणू गेला. मला परत नमुना घ्यावा लागणार. मंगळवारी मोठे साहेब बरोबर येतायत, त्यांना जागा पाहायची आहे. जूनला माझं काम संपतंय, त्याच्या आत हे झालंच पाहिजे. आणि मामा, तुम्ही काही करू नका बरं का. अजिबात काही करू नका. आम्ही येतो फक्त."

आता तुमीच सांगा. पाहुण्यानं "कायी करू नका" म्हणलं म्हंजे काय करायचं असतं? दुप्पट करायचं असतं. हे आमच्याकडं पोटातल्या लेकराला कळतं. "जेवायचं कायी करू नका" म्हणलेल्या पाहुण्याला जर खरंच उपाशी लावलं, तर तो सात पिढ्या सांगत फिरंल. आन ही तर दोनदा म्हणली. अजिबात म्हणली.

मी किशनरावांना गाठलं. ते म्हणले, "मोठे साहेब येऊन राहिले, आन आपण त्यांना उकंडा दाखवायचा? नाक हाय का न्हाई आपल्याला?"

मी म्हणलं, "पर सरपंच, त्यांना उकंडाच बघायचा हाय."

"बघू दे ना. पर नीट करून बघू दे. पोरगी दाखवताना आपण पावडर लावूनच दाखवतो की न्हाई?"

मला पटलं. रुक्माबाईचं बोलणं मला तवा आठवलं न्हाई, असं मी समद्यांना सांगितलंय. खरं म्हंजे आठवलं व्हतं. पर रिकामी जागा आन येणारा साहेब, दोन्ही एकदम दिसलं की मला मांडवापुढं काय सुचतच न्हाई. धंद्याचा दोष, दुसरं काय.

सोमवारी सकाळी जेसीबी आला. बुडासकट दीड हात खरवडलं. बाबूसिंगचा ट्रॅक्टर आला, त्यानं समदा माल भरून नेला. जागेवर मुरूम टाकला, रोलर फिरवला, पाणी मारलं. वर तीस बाय साठचा मांडव, झालरीचा. खाली हिरवी मॅट. सोफा, दोन कूलर. मागं फ्लेक्स, त्यावर दाजींचा हसरा फोटो, चारी बाजूंनी गुलाबाची फुलं आन खाली 'हार्दिक स्वागत'. किशनराव हुशार माणूस, म्हणले, "नमुन्यापुरता थोडा उकंडा ठेवू." म्हून एक टोपलं भरून मधोमध टेबलावर ठेवलं, लाल रिबिनीत. पर त्याचा वास येऊन राहिला व्हता, म्हून त्यात फिनाईल टाकलं. मी लांब उभं राहून बघितलं आन खरं सांगतो, माझं ऊर भरून आलं.

संध्याकाळी दाजी आन आक्का जीपमधून उतरले. दाजी घराला वळसा घालून मागं आले आन उभे राहिले. मला वाटलं, आता पाठीवर थाप पडंल. दाजींनी मांडव बघितला, फ्लेक्स बघितला. वाकून मॅटची कड उचलली आन खालचा मुरूम हातानं चाचपला.

"लई चांगलं केलं, वैजनाथ," ते हळूच म्हणले.

आन घराकडं गेले. दारात बादली व्हती. दाजी बादली ओलांडून तसेच आत गेले, धुळीनं माखल्या पायांनी, आन बाजेवर आडवे झाले. आक्का दारात उभी व्हती. तिनं तोंड उघडलं न्हाई. अडतीस वर्षांत पयल्यांदा.

मग ती माझ्याकडं वळली. "मुडद्या, काय केलंस हे?"

"अगं आक्का, तूच तर त्याला सवत म्हणायचीस. तुला घाण वाटायची ना?"

"म्या येवढी वर्षं अंगण झाडलं. त्याच्यापासून हातभर अंतर सोडून झाडलं. काहून? मला डोळे नव्हते? माझ्या हातात झाडू नव्हता? त्याच्यावर माझं कुंकू हाय, येड्या."

मला मेल्याहून मेल्यागत झालं.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. तीन गाड्या. बँडवाल्यांनी सलामी दिली, पोरींनी ओवाळलं. मोठ्या साहेबांनी इकडंतिकडं बघून इचारलं, "साइट कुठे आहे?"

मी म्हणलं, "ही काय साहेब. साइटवरच तर उभे हाव तुमी."

पुजा मांडवाच्या मधोमध उभी व्हती. तिनं मॅटकडं बघितलं, मग माझ्याकडं. "मामा, पाचोळा कुठे गेला?" मी लगबगीनं टोपलं पुढं केलं. तिनं वास घेतला आन टोपलं खाली ठेवलं. बाबूसिंगला बोलावलं, तर तो म्हणला, "वीटभट्टीला टाकला की. झकास पेटला." पुजानं खुर्चीवर बसकण मारली.

"मामा, मी म्हणाले होते ना, काही करू नका."

"आवं, पर तसं समदेच म्हणतात!"

तिनं तरी मुरूम उकरून खालची माती घेतली, पर तिच्या तोंडावरूनच कळत व्हतं, की त्यात राम न्हाई. साहेबांनी शाल-नारळ घेतला, भजी खाल्ली आन गेले. पुजा मान खाली घालून त्यांच्या मागं गेली. काकांना तोंड कसं दाखवू, म्हणली.

आन आत दाजींनी मरायला सुरवात केली.

डॉक्टर आणला. त्यानं रक्तदाब बघितला, साखर बघितली, छातीला नळी लावली. म्हणला, "यांना कायी झालं न्हाई."

दाजी म्हणले, "डॉक्टर, तुमी उकंडा तपासला का?"

"न्हाई."

"मग?" म्हणले आन भिंतीकडं कूस वळवली. डॉक्टरनं आपली नळी गुंडाळली.

दाजींनी भाकर सोडली. चहा चालू ठेवला, कारण मरणाऱ्याला चहा चालतो, असं त्यांचं मत. लेकी आल्या, मग गावोगावचे पाहुणे भेटायला येऊ लागले. यायचे ते रडत यायचे आन मांडवात शिरायचे, कारण सोफा आन कूलर तिथंच. वर झालर, समोर गुलाबाच्या फुलांत दाजींचा हसरा फोटो. अर्ध्या लोकांनी तो फ्लेक्स बघूनच गळा काढला. एक म्हातारी फोटोला हात जोडून परत बी गेली, आत डोकावली सुद्धा न्हाई. दाजींना खिडकीतून समदं दिसायचं. मला बोलावून म्हणले, "वैजनाथ, मांडव सोडू नको. आता लागणारच हाय, उगं दोनदा बांधायची तकलीफ कशाला. फक्त 'स्वागत' तेवढं झाक."

मी मांडवाच्या दांडीमागं जाऊन रडलो. अहो, मी चेष्टा करतो दाजींची, लहानपणापासून करतो. पर माझा बाप गेला तवा मला सायकल चालवायला याच माणसानं शिकवलं. माणूस खंगत चालला व्हता हो, खरंच खंगत चालला व्हता. चार दिवसांत डोळे आत गेले. आक्का त्यांच्या उशाशी बसून, तिनं बी घास घेतला न्हाई.

शुक्रवारी पुजा एकटीच आली. तिला बापानं फोन केला व्हता, की उकंडराव जाऊन राहिलेत, भेटून घे. पोरगी आत आली, दाजींकडं बघितलं. जाणाऱ्या माणसाच्या पाया पडावं, म्हून वाकली. डोकं पायाशी टेकवलं.

आन उठंना.

एक मिनिट झालं, दोन झाली. बायांना वाटलं, पोरीला लई दुःख झालं. त्यांनी सूर लावला. पुजानं तिथूनच, डोकं न उचलता इचारलं, "काकू, ह्यांचे पाय कधी धुतलेत?"

आक्का शरमली. येवढ्या बायांत. "सोमवारी सकाळी धुतले आसतील, बाई. मग राहिलेच. मला सुचलंच न्हाई."

"धुऊ नका!" पुजा ताडकन उठली. "कोणी हात लावू नका. काकांच्या टाचा... ओल आहे. सावली आहे. अंधार आहे. आणि आतलं कोणी ढवळलेलं नाही!"

तिनं पिशवीतून बारीक चमचा काढला, दिव्यावर तापवला, गार केला आन दाजींच्या एकेका भेगेतून काळं काढून आठ छोट्या नळ्यांत भरलं. दाजी आधी डोळे मिटून व्हते. मग त्यांच्या पोटात हलायला लागलं. मग तोंड वाकडं झालं. लोकांना वाटलं, आली घटका. तर ते गुदगुल्यांनी हसून राहिले व्हते.

"पोरी, हे काय चाललंय?"

"काका, तुम्ही रोज पाचोळ्यात पाय घालून बसता. समजा तो तुमच्या टाचांत राहायला आला असला तर?"

दाजींनी मान उचलून आपल्या पायांकडं बघितलं. "म्हंजे उकंडा हलला न्हाई?"

"हलला की नाही, ते पाच दिवसांनी सांगते. बशीत वाढवावं लागेल, सडीसमोर ठेवावं लागेल."

"मग तवर मला मरता येणार न्हाई?"

"नाही, काका."

"बराबर हाय," दाजी म्हणले. "रिपोर्ट येईपर्यंत थांबतो."

ते पाच दिवस मी जन्मात इसरणार न्हाई. पुजानं सांगितलं, टाचा वाळू द्यायच्या न्हाईत, ऊन लागू द्यायचं न्हाई. आक्कानं आपल्या जुन्या लुगड्याच्या दोन पट्ट्या फाडल्या, ओल्या करून दाजींच्या पायाला गुंडाळल्या आन पायथ्याशी जाऊन बसली. दर घटकेला बोटं बुडवून पाणी शिंपडायची. किशनरावांनी ग्रामपंचायतीतर्फे दोन माणसं दारात बसवली, दाजींच्या पायांच्या राखणीला. का तर शेजारच्या गावचा एक जण चाकूनं टाच खरवडून न्यायला आला व्हता, त्याच्या बी हळदीला सड व्हती. पाहुण्यांना सक्त ताकीद, की डोक्यावरून हात फिरवा, पाया पडू नका. दाजींना आता भूक लागायला लागली व्हती, पर भाकर खाल्ली तर लोक काय म्हणतील, म्हून ते मांडवातल्या भज्यांच्या वासावर दिवस काढून राहिले.

मंगळवारी संध्याकाळी आक्का मला म्हणली, "वैजनाथ, न्हाई निघालं तर?"

मी म्हणलं, "निघंल."

"न्हाई निघालं तर तू पुन्हा माझ्या दारात येऊ नको."

तिचं चुकत बी नव्हतं.

बुधवारी सकाळी फोन आला. मी तो स्पीकरवर टाकला आन दाजींच्या छातीवर ठेवला. खोली माणसांनी भरलेली, कूलर सुद्धा कोणीतरी बंद केला.

"काका," पुजा म्हणली, "आठपैकी सात नळ्यांत काही नाही."

आक्कानं पट्टीवर धरलेला हात तसाच राहिला.

"पण एका नळीत आहे. तोच आहे. सड त्याच्यापासून बोटभर लांब थांबलीय, तशीच, पहिल्यासारखी. डाव्या टाचेतला, काका. उकंडा आहे तुमचा." आन पलीकडं ती पोरगी ढसाढसा रडायला लागली.

दाजी उठून बसले. डावा पाय वर घेतला, पट्टी सोडली, टाच बघितली. मग म्हणले, "अगं, भाकर टाक. आन पिठलं कर. जरा तिखट कर."

आक्का जे रडायला लागली, ते पीठ मळताना बी रडून राहिली व्हती.

माझी शिक्षा लगेच सुरू झाली. मांडव मीच सोडला, मॅट मीच गुंडाळली आन रोलर फिरवलेला तो मुरूम कुदळीनं मीच फोडला. दाजी मागं उभे राहून म्हणायचे, "तिकडं अजून हाय बघ, वैजनाथ." हाताला फोड आले. मग समद्या शिवारातून करंजाचा पाचोळा गोळा झाला. लोकांनी आपापल्या बांधावरून टोपली आणली. पयलं टोपलं आक्कानं टाकलं, आपल्या अंगणातला झाडलेला केर. दाजी त्यावर चढले, पाय खुपसले आन दिवस मावळेपर्यंत तिथंच उभे राहिले. कोणी इचारलं तर म्हणायचे, "बेणं लावून राहिलो."

पुजाचं काम पुढं सरकलं, तिला अजून वर्षभर मिळालं. दोन-चार जणांच्या वावरात तो जिवाणू टाकून ती बघून राहिली हाय. अजून कायी सांगता येत न्हाई, म्हणते. मला बघितलं की आधी म्हणते, "मामा, काही करू नका." आता मी खरंच कायी करत न्हाई. चहा सुद्धा इचारत न्हाई. लोकं मला उद्धट म्हणतात.

पर त्या बुधवारचं राहिलंच. दिवस मावळला तसे दाजी नव्या उकंड्यावरून उतरले आन घराकडं आले. पाय पाचोळ्यानं माखलेले. मी ओट्यावर हाताचे फोड फुंकत बसलेलो. दाराशी बादली भरून ठेवलेली व्हती, नेहमीसारखी. दाजी वाकले, तांब्या घेतला.

आक्का आतून आली. तिनं त्यांच्या हातातला तांब्या काढून घेतला, बादली उचलली आन आत नेऊन ठेवली.

"राहू द्या," म्हणली. "तसेच आत या."

दाजी उंबऱ्याशी बराच येळ उभे राहिले. मग त्यांनी डावा पाय आधी आत टाकला.